टेक्सासच्या काउंटीतून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत : नागपुरातून घेतलेल्या सेवेचे परीक्षण

माझ्या पुतणीचा घटस्फोट टेक्सासमध्ये झाला आणि तिचे दुसरे लग्न नागपुरात ठरले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह करायचा तर वधू-वरांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, ही कलम ४ मधील पहिलीच अट आहे. त्यामुळे आधीचे लग्न कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा म्हणून घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवावा लागतो. पुतणीजवळ तिच्या तिकडच्या वकिलाने ई-मेलवर पाठवलेली पीडीएफ होती. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या वकीलबाईंनी ती पडद्यावर वाचली आणि "ही माहितीसाठी ठीक आहे, दाखल करायला प्रमाणित प्रत लागेल," असे सांगून परत केली. ती प्रत एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयातून नागपुरात बसून मागवताना आलेला अनुभव, त्या सेवेची बरी-वाईट बाजू आणि पैसे कोठे वाजवी लागतात व कोठे फुकट जातात, याबद्दल येथे लिहीत आहे. पुतणीच्या संमतीने लिहीत असलो तरी तिचे खाजगीपण राखावे म्हणून काउंटीचे नाव देत नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि या कामाची मूळ चौकट राज्याच्या कायद्याने आखलेली असल्यामुळे नाव न कळल्याने वाचकाचे फारसे अडणार नाही.

पहिला गोंधळ कार्यालय कोणते याचाच होतो. तेथे 'काउंटी क्लर्क' आणि 'डिस्ट्रिक्ट क्लर्क' अशी दोन वेगळी पदे असून लग्नाचा परवाना, जमीनजुमल्याचे दस्त वगैरे पहिल्याकडे, तर घटस्फोटाचे कागद दुसऱ्याकडे असतात, कारण घटस्फोट हा न्यायालयाचा निकाल आहे आणि डिस्ट्रिक्ट क्लर्क हा जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखांचा राखणदार आहे. आपल्याकडेही लग्नाची नोंद महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात होते, पण घटस्फोटाची नक्कल कोणी तेथे मागायला जात नाही. त्यासाठी कौटुंबिक न्यायालयाचाच नक्कल विभाग गाठावा लागतो. हे लक्षात ठेवले की तिकडची रचना परकी वाटत नाही. अगदी लहान लोकवस्तीच्या काउंट्यांत मात्र दोन्ही कामे एकच क्लर्क पाहतो.

आम्हाला नवलाची वाटलेली गोष्ट अशी की हा डिस्ट्रिक्ट क्लर्क चार वर्षांसाठी मतदानाने निवडून येतो. अभिलेख कक्षाचा प्रमुख लोकांनी मते देऊन निवडायचा, ही कल्पना आपल्या पचनी पडायला थोडा वेळ लागतो. त्याचा परिणाम म्हणा किंवा त्या कार्यालयाची शिस्त म्हणा, संकेतस्थळावर अर्ज, शुल्क, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पानावर मांडलेले होते आणि त्यात शोधाशोध करावी लागली नाही.

तरीही इंटरनेटवर शोध घेणारा माणूस त्या पानावर सरळ पोहोचेल याची खात्री नाही. 'टेक्सास घटस्फोट नोंद' अशा अर्थाचे शब्द टाकले की सर्वांत वर खाजगी कंपन्यांची संकेतस्थळे येतात. त्यांची मांडणी सरकारी वाटावी अशी केलेली असते. तारा, गरुड, निळा-पांढरा रंग, सगळे काही असते. अशाच एका संकेतस्थळावर पुतणीने आधी पैसे भरले होते. पदरात पडला तो फक्त एक अहवाल, ज्यात तिचे नाव, जुने पत्ते आणि 'या नावाची घटस्फोटाची नोंद आढळते' एवढे वाक्य होते. त्यावर ना शिक्का, ना सही, ना न्यायालयाचे नाव. वर महिन्याची वर्गणी चालू झाली, ती बंद करायला वेगळा पत्रव्यवहार करावा लागला. त्या कंपनीने खोटे काही विकले असे म्हणता येणार नाही, कारण अटींच्या बारीक अक्षरांत 'आम्ही प्रमाणित प्रती देत नाही' हे लिहिलेले होतेच. परंतु ज्याला प्रमाणित प्रत हवी आहे त्याने तेथे एक डॉलरही घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा चकवा सरकारी आहे, म्हणून जास्त फसवा. टेक्सास राज्याच्या आरोग्य खात्याचा जन्म-मृत्यू-विवाह नोंदींचा विभाग १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी 'पडताळणी पत्र' देतो आणि त्याचे शुल्क २० डॉलर आहे. हे पत्र खरे असते, सरकारी असते, पण अमुक दोघांचा घटस्फोट अमुक तारखेला अमुक काउंटीत झाल्याची नोंद आहे, एवढेच ते सांगते. ते हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही, हे राज्य स्वतःच स्पष्ट करते. ज्याला काउंटी किंवा साल आठवत नाही, त्याला हे पत्र धागा म्हणून उपयोगी पडेल. आम्हाला दोन्ही ठाऊक होते, त्यामुळे ते घेण्याचे कारण नव्हते.

आता मागवायचे काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर टेक्सासमध्ये नाही, आपल्याकडच्या कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे परदेशी न्यायालयाचा निकाल भारतात सहसा मान्य होतो, पण त्याला सहा अपवाद आहेत: न्यायालयाला अधिकारच नसणे, निकाल गुणदोषांवर दिलेला नसणे, नैसर्गिक न्यायाला धरून नसणे, फसवणुकीने मिळवलेला असणे इत्यादी. कलम १४ सांगते की परदेशी निकालाची प्रमाणित प्रत हजर केली तर तो निकाल अधिकार असलेल्या न्यायालयानेच दिला आहे, असे गृहीत धरले जाईल, जोवर त्याविरुद्ध काही दिसत नाही. म्हणजे 'प्रमाणित प्रत' हा शब्द कायद्यातच बसलेला आहे. तो वकिलांचा हट्ट नव्हे.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल आमच्या वकीलबाईंनी समोर ठेवला, आणि काउंटीतून कागद मागवणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे. त्या प्रकरणातील लग्न तिरुपतीला झाले होते आणि घटस्फोट मिसूरी राज्यातील सेंट लुईस काउंटीच्या सर्किट न्यायालयातून पतीने घेतला होता; पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट भारतात मान्य करण्यास नकार दिला आणि तत्त्व सांगितले की ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने व मान्य असलेल्या कारणावरून दिलेलाच निकाल सहसा ग्राह्य धरावा. दुसऱ्या बाजूने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला असेल आणि आपल्या वैवाहिक कायद्याला मान्य असलेल्या कारणावर बाजू लढवली असेल, किंवा घटस्फोटाला संमती दिली असेल, तर तो अपवाद ठरतो. या निकालात कागदाबद्दलही एक बारीक मुद्दा आहे. सेंट लुईसच्या क्लर्कने प्रमाणित केलेली छायांकित प्रत रेकॉर्डवर होती. ती छायांकित आहे एवढ्यामुळे अग्राह्य ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. ती अग्राह्य ठरली ती पुरावा अधिनियमाच्या कलम ८६ प्रमाणे भारत सरकारच्या तेथील प्रतिनिधीचे पुढचे प्रमाणन तिच्यावर नव्हते म्हणून. तो १८७२ चा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. जुने कलम ८६ आता कलम ८८ झाले आहे.

यातून आमच्यासाठी दोन गोष्टी निघाल्या. एक, काउंटीचा शिक्का हा पहिला टप्पा आहे, शेवटचा नव्हे. दोन, नुसता हुकूमनामा मागवून भागत नाही; दोघेही न्यायालयापुढे आले होते किंवा दोघांची संमती होती हे दाखवणारे कागदही हवेत. टेक्सासमध्ये बहुतेक घटस्फोट 'एकत्र राहणे असह्य झाले' या तिकडच्या बिनदोषाच्या कारणावर होतात आणि ते कारण त्या शब्दांत हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये नाही. त्यामुळे संमतीचा पुरावा आणखी मोलाचा ठरतो. पुतणीच्या प्रकरणात तिच्या पतीने समन्स बजावणीचा हक्क सोडल्याचा सहीचा कागद दिला होता आणि हुकूमनाम्यावर दोघांच्याही सह्या होत्या. वकीलबाईंनी हुकूमनामा, तो हक्क सोडल्याचा कागद आणि मूळ अर्ज, अशा तिन्हींच्या प्रमाणित प्रती एकदमच मागवायला सांगितल्या. हा सल्ला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत फायद्याचा ठरला.

कार्यालयाकडे दोन वाटांनी जाता येते: टपालाने अर्ज आणि मनीऑर्डर किंवा बँकेचा धनादेश पाठवणे, नाहीतर त्यांच्या संकेतस्थळावर प्रकरण शोधून तेथेच कार्डाने पैसे भरणे. दोन्हींसाठी प्रकरणाचा क्रमांक हाती असलेला बरा. टेक्सासमध्ये त्याला 'कॉज नंबर' म्हणतात आणि तो हुकूमनाम्याच्या पहिल्या पानावर अगदी वर छापलेला असतो, त्याखाली 'अमुक आणि तमुक यांच्या विवाहाच्या बाबतीत' अशा अर्थाचा मथळा. क्रमांक नसेल तर नावाने आणि सालाने शोधता येते, पण आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग तेथे नोंदवताना कधी मधले नाव आडनाव होते, कधी आडनावातला एक 'ए' गळतो. पुतणीचे नाव वडिलांच्या नावासकट नोंदलेले होते आणि नुसत्या नाव-आडनावाने शोधले असता काहीच दिसत नव्हते.

नागपूरहून ऑनलाइन पैसे भरणे मात्र जमले नाही. कार्डाच्या पत्त्यात पिन कोडसाठी पाच आकड्यांचा चौकोन होता आणि आपला सहा आकड्यांचा पिन त्यात मावेना. शेवटचा आकडा सोडून दिला तर बँक व्यवहार नाकारे. ही उणीव लहान दिसते, पण परदेशात राहणाऱ्या अर्जदाराला ती दारातच अडवते, आणि संकेतस्थळावर त्याबद्दल एक ओळही नव्हती. त्यामुळे आम्ही दूरध्वनी केला. उन्हाळ्यात टेक्सासच्या मोठ्या भागातील घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असते, म्हणजे तिकडचे सकाळी आठला उघडणारे कार्यालय आपल्याला संध्याकाळी साडेसहा-साडेसातला सापडते. नोकरी करणाऱ्या माणसाला हे उलट सोयीचेच आहे. कामावरून येऊन, चहा घेऊन फोन लावता येतो.

फोनवरची बाई सौजन्याने आणि नेमके बोलली. पुतणीने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिने क्रमांक सांगताच तिकडून पानांची संख्या सांगितली गेली: हुकूमनामा इतकी पाने, अर्ज इतकी, हक्क सोडल्याचा कागद एक. प्रमाणित प्रतीचे शुल्क तेथे साधारणपणे पानामागे १ डॉलर आहे, म्हणून पानांचा आकडा कळला की खर्च कळतो. आपल्याकडचा हुकूमनामा दोन-तीन पानांत आटोपतो आणि कारणमीमांसा न्यायनिर्णयात असते. टेक्सासचा 'फायनल डिक्री' हा वेगळाच प्रकार आहे. त्यात घर कोणाला, मोटार कोणाला, कोणत्या खात्याचे कर्ज कोणी फेडायचे, मुले असतील तर कोणत्या सुटीत कोणाकडे, असा संसाराचा पूर्ण वाटप-तक्ता असतो आणि तो सहज पंचवीस-तीस पानांवर जातो. "काका, यांना फक्त पहिले आणि शेवटचे पान नाही का मागता येणार?" असे पुतणीने हळूच विचारले. मागता येत नाही असे नाही, पण अर्धवट हुकूमनामा कोणताही अधिकारी स्वीकारणार नाही, म्हणून पूर्णच घ्यावा लागला.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती आपल्याकडच्या वाचकाला धक्का देऊ शकते. टेक्सासमध्ये न्यायालयाने मोहोरबंद केलेले नसेल तर घटस्फोटाचे प्रकरण सार्वजनिक अभिलेख असते. शुल्क भरणाऱ्या कोणालाही त्याची प्रत मिळू शकते. तुम्ही पक्षकार आहात का, हे विचारले जात नाही. आम्हालाही विचारले गेले नाही. अल्पवयीन मुलांची नावे, बँक खात्यांचे आणि सोशल सिक्युरिटीचे पूर्ण क्रमांक यांसारखा संवेदनशील तपशील दाखल करतानाच झाकायचा नियम आहे, एवढाच काय तो आडोसा. आपल्याकडे हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २२ वैवाहिक प्रकरणाची सुनावणी बंद दाराआड ठेवते आणि कामकाज छापण्या-प्रसिद्ध करण्यावर बंदी घालते. ग्राहक म्हणून तिकडची पद्धत सोपी आहे हे मान्य करूनही, मला आपली बरी वाटते. पुतणीला मात्र त्या मोकळेपणाचा फायदाच झाला: टेक्सासमध्ये राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला कोणतेही अधिकारपत्र न देता त्या प्रती काढता आल्या.

तीच वाट मी इतरांनाही सुचवीन. तिकडे ओळखीचे कोणी असेल तर त्याच्या कार्डाने, त्याच्या पत्त्यावर मागवावे. कार्यालय प्रती साध्या टपालाने पाठवते, परदेशी टपालाची जबाबदारी घेईलच असे नाही, आणि पुढचा टप्पाही टेक्सासमध्येच पार पाडायचा असल्यामुळे कागद नागपूरला आणून पुन्हा ऑस्टिनला, म्हणजे टेक्सासच्या राजधानीला, पाठवणे म्हणजे नुसती पायपीट आहे. अर्ज करताना 'कागदी प्रत, प्रमाणन आणि शिक्क्यासह' असे स्पष्ट लिहावे, कारण साधी आणि प्रमाणित अशा दोन्ही प्रती तेथे मिळतात आणि साधी प्रत स्वस्त असल्याने हात तिकडे वळतो.

प्रती आल्या तेव्हा त्या मैत्रिणीने मोबाइलवर फोटो पाठवले आणि आम्हाला शिक्का दिसेना. पहिल्यांदा वाटले, साधीच प्रत आली. प्रत्यक्षात शेवटच्या पानावर प्रमाणनाचा मजकूर, तारीख, क्लर्कचे नाव आणि त्याच्या वतीने उपलेखनिकाची सही होती आणि त्यावर कागद दाबून उठवलेली गोल मोहोर होती, मध्ये पाच टोकांचा तारा आणि भोवती न्यायालयाचे व काउंटीचे नाव. शाई नसल्यामुळे ती फोटोत उमटत नाही. बोट फिरवले की कळते, किंवा प्रकाश आडवा पाडला की दिसते. आपल्या कचेऱ्यांची नजर जांभळ्या-निळ्या गोल शिक्क्यावर तयार झालेली असल्यामुळे ही मोहोर नजरेतून निसटण्याची शक्यता मोठी आहे. झेरॉक्समध्ये ती दिसावी म्हणून शिसपेन्सिलीने हलकेच घासण्याची जुनी युक्ती आहे, पण ती मूळ प्रतीवर करू नये.

पुढचा टप्पा अपोस्टिलचा. परदेशी सार्वजनिक कागदावरील सही-शिक्का खरा असल्याची ही ग्वाही हेग करारातील देश एकमेकांची मानतात. अमेरिकेत हा करार १९८१ पासून आणि भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ज्या राज्याचा कागद त्याच राज्याचे अपोस्टिल, हा नियम पक्का लक्षात ठेवावा. वॉशिंग्टनचे परराष्ट्र खाते संघराज्याच्या कागदांसाठी आहे, काउंटीच्या कागदांसाठी नाही. टेक्सासमध्ये ते ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळते, फॉर्म २१०२ भरून, दर कागदाला १५ डॉलर शुल्क देऊन आणि परतीचा तिकीट लावलेला लिफाफा जोडून. फॉर्मवर कागद कोणत्या देशात वापरायचा हे लिहायचे असते. एवढे साधे काम करून देण्यासाठी मध्यस्थ याच्या दहापट आणि अधिक मागतात. एकाने तर अपोस्टिलनंतर भारतीय वाणिज्य दूतावासाचाही शिक्का लागेल असे सांगून त्याचे वेगळे पैसे सांगितले. अपोस्टिल झालेल्या कागदाला दूतावासाचे आणखी साक्षांकन लागत नाही, हाच तर त्या कराराचा हेतू आहे. आमच्याकडच्या विवाह अधिकाऱ्यांनीही तो शिक्का मागितला नाही. मात्र हाच हुकूमनामा पुढे एखाद्या वादात न्यायालयासमोर पुरावा म्हणून ठेवायचा झाला, तर वर सांगितलेल्या कलम ८८ चा विचार वकिलाकडून करून घ्यावा; कचेरीत चाललेला कागद कोर्टात आक्षेपाविना चालेलच, असे धरून चालू नये.

अपोस्टिलचे पान हुकूमनाम्याला जोडूनच येते आणि ही जोडणी हा कागदाचा प्राण आहे. सीताबर्डीत झेरॉक्सच्या दुकानात गेलो तेव्हा मुलाने सवयीप्रमाणे पिना उचकटायला पंजा हातात घेतला होता. त्याचा दोष नाही. जाड गठ्ठा काचेवर नीट बसत नाही. पण पाने एकदा सुटली की अपोस्टिल कोणत्या कागदाचे हे सांगता येत नाही आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. तेव्हा प्रत दुमडून, एकेक पान उलटवून काढून घ्यावी, कडेला थोडी काळी पट्टी आली तरी चालते.

नावाचा मुद्दा आम्ही आधीच तपासला होता, तो तसाच प्रत्येकाने तपासावा. टेक्सासचे न्यायालय मागणी केल्यास हुकूमनाम्यातच पूर्वीचे नाव परत देते. पुतणीच्या हुकूमनाम्यात ती ओळ होती, त्यामुळे पासपोर्टवरचे सासरचे नाव, आधारवरचे माहेरचे नाव आणि विवाहाच्या नोटिशीतले नाव यांची सांगड त्या एका ओळीने घातली गेली. ती ओळ ज्यांच्या हुकूमनाम्यात नाही, त्यांना वेगळे प्रतिज्ञापत्र करावे लागेल, हे गृहीत धरून चालावे.

खर्चाचा विचार केला तर काउंटीचे आणि राज्याचे शुल्क मिळून होणारी रक्कम मला वाजवी वाटली. जड वाटला तो कुरिअरचा खर्च. भारतातील व्यवस्थेशी तुलना करायची तर एका बाबतीत आपला कायदा अधिक उदार आहे: हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ च्या पोटकलम ४ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना न्यायालयाने विनामूल्य द्यायची असते. नागपुरात घटस्फोट झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते आणि ती पहिली प्रत वकिलाच्या फायलीत तशीच पडून राहते. टेक्सासमध्ये पहिली असो की दहावी, प्रत्येक पानाचे पैसे मोजावे लागतात. सेवेच्या चोखपणात मात्र त्या कार्यालयाला मी उणे म्हणणार नाही: पाने मोजून सांगितली तेवढीच आली, एकही पान तिरके किंवा पुसट नव्हते, आणि फोनवर मिळालेले उत्तर व हाती आलेला कागद यांत तफावत नव्हती. माझी तक्रार एवढीच की परदेशातून मागणी करणाऱ्यासाठी पैसे भरण्याची सोय नाही आणि 'हा कागद अमेरिकेबाहेर वापरणार असाल तर पुढे ऑस्टिनला अपोस्टिल करून घ्या' हे एक वाक्यही त्यांच्या अर्जावर नाही. ते असते तर मध्यस्थांचे निम्मे गिऱ्हाईक घटले असते.

घटस्फोट टेक्सासऐवजी दुसऱ्या राज्यात झाला असेल, तर यातले बरेच काही बदलते. कॅलिफोर्नियात हुकूमनामा त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडे मागावा लागतो; राज्याच्या आरोग्य खात्याकडे केवळ १९६२ ते जून १९८४ या काळातील नोंदींचे दाखले आहेत, आणि तेथील अपोस्टिल सॅक्रामेंटोहून टपालाने २० डॉलरला मिळते. न्यूयॉर्कमध्ये हुकूमनामा काउंटी क्लर्ककडे असतो, पण वैवाहिक प्रकरणांच्या फायली तेथे शंभर वर्षे बंद ठेवल्या जातात आणि पक्षकार, त्याचा वकील किंवा न्यायालयाचा आदेश आणणारा, यांखेरीज कोणाला प्रत मिळत नाही. त्यामुळे तेथे मैत्रिणीला किंवा काकाला पाठवून काम होणार नाही. अर्ज पक्षकाराने स्वतःच्या ओळखपत्रासह करावा, किंवा तेथील वकिलाला नेमावे.